चतुर पंडितांचे हसू

संगीतावरील मराठी वाङ्मयाचा विचार करू लागले म्हणजे त्यात दोन प्रवाह चटकन नजरेस येतात. एक भक्तीचा आणि दुसरा शास्त्राचा. पहिल्या प्रवाहातला गवई हा अर्धा ऋषी असतो. त्याने सोसलेले हाल, गुरुगृही भरलेले पाणी, पहाटेचा खर्ज आणि अखेरीस लाभलेली सिद्धी यांचे वर्णन वाचून वाचकाने हात जोडावेत अशी लेखकाची अपेक्षा असते. दुसऱ्या प्रवाहात गवई मुळी नसतोच. तेथे श्रुती, ग्राम, मूर्च्छना, थाट आणि वादी-संवादी यांचा संसार निर्वेधपणे चाललेला असतो. या दोहोंच्या मधून एक तिसरा, अगदी बारीक प्रवाह वाहत आलेला आहे. तो विनोदाचा. मराठी समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. विनोद म्हटला की समीक्षकाच्या डोळ्यांपुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी आणि चिं. वि. जोशी उभे राहतात. त्या पंक्तीत विष्णु नारायण भातखंडे यांचे पान मांडण्याची कल्पनाच कोणास सुचत नाही.

आणि तरीही 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' हा १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ ज्याने रागलक्षणे हुडकण्याच्या घाईत नव्हे, तर गद्य म्हणून सावकाश वाचला असेल, त्याला त्यात ठिकठिकाणी हसू आल्यावाचून राहिले नसेल. ग्रंथाची रचना गुरुशिष्यांच्या संवादाची आहे. शिष्य विचारतो, गुरुजी सांगतात. सांगता सांगता प्रवासातल्या हकीकती निघतात, कोण्या दरबारात भेटलेल्या कोणा खाँसाहेबांचे किंवा शास्त्रीबोवांचे बोलणे निघते, आणि मग एखाद्या रागाचा कोमल की तीव्र असा रूक्ष प्रश्न एकाएकी प्रहसनाच्या अंगाने जाऊ लागतो. हा विनोद केवळ रुचिपालटासाठी पेरलेला आहे असे समजणे ही मोठी चूक ठरेल. तो या ग्रंथाच्या युक्तिवादाचाच एक अवयव आहे. तो काढून घेतला तर उरलेले शास्त्र उभे राहील खरे, पण ते कशाच्या विरुद्ध उभे आहे हे कळेनासे होईल.

भातखंडे पेशाने वकील होते ही गोष्ट त्यांचे चरित्रकार आरंभीच्या पृष्ठांत सांगतात आणि पुढे विसरतात. १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, काही काळ कराचीस व पुढे मुंबईस वकिली केली. सतारीचा अभ्यास, पारशी मंडळींनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीतले शिक्षण, ध्रुपद-ख्यालांचा संग्रह हे सारे या पेशाच्या जोडीने चाललेले होते. म्हणून त्यांच्या संवादाचे मूळ शोधावयाचे ते केवळ उपनिषदांत किंवा कीर्तनाच्या पूर्वरंगात शोधून भागणार नाही. ते न्यायालयातल्या उलटतपासणीतही शोधले पाहिजे. उलटतपासणीचा पहिला नियम असा, की साक्षीदाराला अडवू नये, बोलू द्यावे. तो जितका मोकळेपणाने बोलेल तितका अडकेल. भातखंड्यांचे गुरुजी नेमके हेच करतात. ग्रंथाचे नाव छातीवर हात ठेवून घेणाऱ्याला ते ग्रंथ कोठे मिळेल एवढेच नम्रपणे विचारतात. बावीस श्रुती गळ्यातून काढून दाखवितो म्हणणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशीही त्याच श्रुती ऐकविण्याची विनंती करतात. प्रश्नात कोठेही उपमर्द नसतो, आवाज चढलेला नसतो, आदरार्थी बहुवचन सुटलेले नसते. हसू येते ते वाचकाला; गुरुजी गंभीरच राहतात. मराठीत या जातीचा विनोद फार थोड्यांना साधलेला आहे, कारण आपल्या विनोदी लेखकाला बहुधा स्वतःच्या विनोदाचा आनंद आवरत नाही.

या उलटतपासणीत दोन साक्षीदार पुन्हापुन्हा पिंजऱ्यात येतात. एक, शास्त्राची गरज नसताना शास्त्राचा आव आणणारा गवई. दुसरा, 'रत्नाकरा'तले श्लोक घडाघडा म्हणणारा, पण त्यातला एक राग गाऊन दाखवा म्हटले की पानसुपारीची वेळ झाली असे सुचविणारा पंडित. दुसऱ्याकडे वाचकांचे लक्ष कमी जाते. भातखंड्यांनी १९०४ मध्ये दक्षिणेत, पुढे पूर्वेकडे कलकत्त्यापर्यंत आणि १९०८-०९ मध्ये उत्तरेत जे प्रवास केले, त्यांत त्यांना गवयांइतकेच पंडितही भेटले होते. आणि शार्ङ्गदेवाचा ग्रंथ आपल्याला कळला आहे असे सांगणारे बहुतेक सर्व तो कळला नसल्याचा पुरावा स्वतःच देऊन जातात, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या विनोदाला जातीयतेचे एकच माप लावणाऱ्यांनी ही बाजूही तोलून पाहावयास हवी.

पंडितांवरचा त्यांचा सर्वांत मोठा विनोद मात्र कोणत्याही एका पृष्ठावर सापडत नाही. तो सबंध ग्रंथव्यवहारात पसरलेला आहे. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ त्यांनी 'चतुर पंडित' या नावाने लिहिला. नंतर मराठी ग्रंथात त्याच चतुर पंडितांची वचने ते प्रमाण म्हणून देऊ लागले. गुरुजी त्यांचा आदराने उल्लेख करतात, त्यांच्या श्लोकांचा अर्थ उलगडून सांगतात, शिष्यही माना डोलावतात. दुसरे एक टोपणनाव 'विष्णुशर्मा' असे होते. याला कोणी लबाडी म्हणेल, आणि तसे म्हटले गेलेही आहे. परंतु यातली खोच पाहिली पाहिजे. समकालीन गायनाचे जे नियम त्यांनी बैठकीत बसून, कान देऊन गोळा केले होते ते मराठीत सरळ मांडले असते, तर "याला आधार काय?" असा प्रश्न आला असता. तेच अनुष्टुभात घातल्याबरोबर तो आधार झाला. संस्कृतात आहे एवढ्याखातर मान तुकविणाऱ्या समाजाला त्यांनी त्याच्याच नाण्याने मोबदला दिला. पुढे केशवराव भोळ्यांनीही 'शुद्ध सारंग' आणि 'एकलव्य' ही नावे घेऊन गायकांवर लिहिले. पण तेथे टोपणनावाचे काम वेगळे आहे. भोळ्यांचा बुरखा हा स्वतः बैठकीत वावरणाऱ्या कलावंताला समव्यावसायिकांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून आहे. चतुर पंडिताचा बुरखा हा खुद्द प्रमाण या कल्पनेचीच थट्टा आहे, मग लेखकाला ती तशी अभिप्रेत असो वा नसो.

आता अवघड भागाकडे वळावयास हवे. भातखंड्यांचे हसू न्याय्य आहे काय?

जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात भातखंड्यांच्या उस्तादांविषयीच्या वृत्तीची कठोर तपासणी केली आहे, आणि त्या तपासणीनंतर हे संवाद पूर्वीच्या निरागसतेने वाचणे शक्य राहिलेले नाही. शिकलेला, पगडी घातलेला, हातात वही असलेला मुंबईचा वकील एका निरक्षर किंवा अर्धसाक्षर गायकासमोर बसून त्याला ग्रंथांविषयी प्रश्न विचारतो, आणि त्याची फजिती छापून काढतो. यात बळ कोणाच्या बाजूस आहे हे सांगण्याची गरज नाही. यावर एक उत्तर असे देण्यात येते, की भातखंडे गाण्याला हसत नाहीत, गाण्याविषयीच्या बढाईला हसतात. ते बव्हंशी खरे आहे. रामपूर आणि जयपूर येथील खाँसाहेबांकडून मिळालेल्या चिजांविषयी लिहिताना त्यांचा सूर बदलतो, आणि आपला सर्वांत लाडका शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर याला त्यांनी पुढील तालमीसाठी बडोद्यास फैयाझखाँसाहेबांच्या स्वाधीन केले. ज्याला उस्तादांविषयी केवळ तिरस्कार वाटतो तो हे करणार नाही.

पण हे उत्तर पुरे पडत नाही. या संवादांतली खरी उणीव तिरस्काराची नाही, ती विनोदाचीच आहे. परक्या गावाहून एक गृहस्थ येतो, ओळखीचे पत्र दाखवितो, गाणे ऐकून घेतो, आणि मग या रागात निषाद कोणता लागतो, ही चीज कोठून आली, ती लिहून मिळेल काय, असे विचारू लागतो. चीज ही खाँसाहेबांची शेतीवाडी होती. मुलाला द्यायची, जावयाला हुंड्यात द्यायची, आणि वेळप्रसंगी गंडाबंद शागिर्दापासूनही राखून ठेवायची अशी ती वस्तू. वहीवाल्या गृहस्थाला तिचा पत्ता कोण सांगेल? अशा वेळी एखादा खाँसाहेब महादेव-पार्वतीची, नाहीतर हजरत अमुक पीरांची एखादी अद्भुत कथा सांगून मोकळा झाला, तर तो अज्ञानाने तसे बोलला की समोरच्याची मौज पाहत होता? लखनौ-रामपूरकडच्या दरबारी संभाषणात गंभीर चेहऱ्याने अतिशयोक्ती करून पाहुण्याला झुलविणे ही एक मुरलेली कला होती. भातखंड्यांना साक्षीदाराची विसंगती दिसते. साक्षीदारच आपली उलटतपासणी घेत असावा ही शंका त्यांना शिवत नाही. संवादातला शिष्यही ती कधी काढीत नाही, कारण त्या शिष्याला गुरुजींवर हसण्याची मुभा ग्रंथकर्त्याने दिलेली नाही. प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिसाला कधीकधी चांगला तोडीस तोड भेटतो. येथे तसे घडत नाही. चार भागांत गुरुजींचे एकदाही हसे होत नाही, आणि जो विनोदकार स्वतःला असा पूर्णपणे वगळतो त्याच्या विनोदाला एका मर्यादेनंतर कोरडेपणा येतो.

या ठिकाणी गोविंदराव टेंब्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचे 'माझा संगीत व्यासंग' १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. टेंबे हे पेटीवादक. म्हणजे बैठकीत मुख्य गायकाच्या अंगाला अंग लावून बसलेले, पण पहिल्या मानाचे नव्हे. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला त्यांनी साथ केली, अल्लादियाखाँसाहेबांचा सहवास त्यांना लाभला, 'मानापमान' या खाडिलकरांच्या १९११ सालच्या नाटकाला त्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली दिल्या आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात हरिश्चंद्रही केला. एवढ्या ठिकाणी वावरलेल्या माणसाला सर्वज्ञतेचा दंभ परवडत नाही. साथीदाराची जागाच मुळी विनोदाची जागा आहे. तंबोरा जुळता जुळत नाही तोवर श्रोत्यांकडे पाहून त्याने हसरा चेहरा ठेवायचा असतो. बुवांनी आज घसा बसला आहे असे सांगितले की त्याने मान हलवायची असते, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याच बसलेल्या घशाच्या तानेमागे धावताना बोटे मोडून घ्यायची असतात. कोणी समेच्या आधीच 'वाहवा' म्हटले तर ती दाद आपल्यालाच मिळाली असे समजून चालायचे असते. त्यातून त्याचे वाद्य म्हणजे मींड न निघणारी विलायती पेटी. शुद्ध स्वरांच्या कैवाऱ्यांना ती सदैव खटके, आणि टेंब्यांचे पुस्तक बाहेर पडल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९४० मध्ये, आकाशवाणीने तिला आपल्या केंद्रांवरून हद्दपार केले. ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ चालली.

त्या जागेवरून टेंबे उस्तादांकडे पाहतात, तेव्हा त्यांनाही विक्षिप्तपणा दिसतो, हेवेदावे दिसतात, ज्ञानाची चोरटी राखण दिसते. पण हसणारा आणि ज्याला हसावयाचे तो एकाच सतरंजीवर बसलेले आहेत. पोट दोघांचेही बिदागीवर आहे. म्हणून टेंब्यांच्या वाक्याला धार कमी आणि ऊब अधिक आहे. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या लेखनात गाणाऱ्यांविषयी जे हसणे येते ते याच घराण्यातले, आणि तेही पेटीवर बोटे ठेवणाऱ्याचेच, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. तथापि हेही सांगितले पाहिजे, की टेंब्यांच्या उबेने संगीताच्या व्यवहारात काही बदलले नाही. भातखंड्यांच्या धारेने बदलले.

तो बदल जेथे घडला ते शहर लखनौ. १९२४ मध्ये तेथे अखिल भारतीय संगीत परिषदेचे चौथे अधिवेशन भरले, आणि १९२६ मध्ये राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने भातखंड्यांनी मॅरिस कॉलेज स्थापन केले. ठाकूर नवाब अली यांनी भातखंड्यांचे विचार 'मआरिफुन्नग़मात' या ग्रंथाद्वारे उर्दूत नेले. पुढे रातंजनकर प्राचार्य झाले आणि वालकेश्वरच्या एका वकिलाने मराठी संवादात मांडलेली पद्धती अवधच्या राजधानीत अभ्यासक्रम होऊन बसली. कॉलेज कैसरबागेत, वाजिदअली शाहाच्या परीखान्याच्या वास्तूत नांदू लागले. जेथे नबाबाच्या पऱ्या नाच शिकल्या तेथे आता घंटेच्या ठोक्यावर बिलावल थाट सुरू होतो, ही गोष्ट स्वतः भातखंड्यांच्या गुरुजींनी सांगितली असती तर फार रंगवून सांगितली असती. शिकवणाऱ्यांत तबल्याचे खलीफा आबिद हुसेनखाँ होते, सरोदेचे सखावत हुसेनखाँ होते. ज्यांच्या बढाईला ग्रंथात हसावयाचे त्यांच्याच घराण्यांतले हात विद्यालयाला लागत होते. विद्यालय त्यांच्यावाचून एक दिवस चालले नसते.

परंतु ग्रंथातला विनोद मात्र या स्थलांतरात मागे राहिला. अभ्यासक्रमाला थाट लागतात, आरोह-अवरोह लागतात, प्रश्नपत्रिका लागते. खाँसाहेबांशी झालेले संभाषण लागत नाही. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. जी उलटतपासणी पुस्तकात विनोद म्हणून होती ती संस्थेत नियम म्हणून अवतरली. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीने गायक-वादकांच्या रीतसर चाचण्या घेण्यास आरंभ केला. परीक्षक मंडळावर रातंजनकर प्रमुख होते. वर्षानुवर्षे मैफली गाजविणाऱ्या कलावंतांनाही मंडळापुढे बसण्याची पाळी आली, तेव्हा अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. रातंजनकरांच्या विद्वत्तेविषयी किंवा सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते स्वतः फैयाझखाँचे शागिर्द आणि 'सुजान' या मुद्रेने बंदिशी रचणारे उच्च कोटीचे रचनाकार होते. प्रश्न व्यक्तीचा नाही. पुस्तकात प्रश्न विचारणारा वकील पाहुणा होता. खाँसाहेब त्याला झुलवू शकत, पान देऊन निरोप देऊ शकत. मंडळापुढचा प्रश्न टोलवता येत नव्हता, कारण त्याच्या पाठीमागे मानधनाची श्रेणी होती. हसू गेले आणि अधिकार उरला, म्हणजे उलटतपासणीचे काय होते ते या प्रकरणात पाहावयास मिळते.

भातखंड्यांची पद्धती पुढे किती दूर पोहोचली हे लखनौच्या दक्षिणेस, कानपूरच्या रस्त्यावरील सरोजिनी नगरसारख्या वस्तीतही ओळखता येते. कैसरबागेतल्या विद्यालयाचे २०२२ पासून भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाले आहे. त्या नावाच्या परीक्षांची पाठ्यपुस्तके आणि दहा थाटांची यादी उत्तर प्रदेशात संगीताची शिकवणी जेथे चालते तेथे चालते. मूल सारेगम म्हणू लागले की काही दिवसांनी लक्षणगीत शिकते. हा प्रकारही भातखंड्यांनीच लोकप्रिय केला, आणि त्याचा मिस्कीलपणा कोणाच्या ध्यानी येत नाही: राग गाता गाता रागानेच आपले नियम सांगावयाचे, आपला वादी कोण आणि वर्ज्य स्वर कोणता हे आपल्याच तोंडाने म्हणायचे, जणू आरोपीने स्वतःच्या चालीत स्वतःची जबानी गावी. गीताच्या अखेरीस पुष्कळदा 'चतुर' ही मुद्रा येते. हा चतुर कोण, हे गाणाऱ्या मुलाला बहुधा कोणी सांगत नाही.

मूळ मराठी ग्रंथाचे हिंदी रूप हाथरसच्या संगीत कार्यालयाने 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावाने चार भागांत उपलब्ध करून दिले, आणि आज हा ग्रंथ वाचणारे बहुसंख्य लोक तो हिंदीतच वाचतात. शास्त्राच्या दृष्टीने त्यात फारसे काही हरवले नसेल. परंतु या गद्याचे मिस्कील वळण मराठीतल्या ज्या लहानसहान अव्ययांवर तोललेले असते त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही अनुवादकाला पडावा. एकटे 'म्हणे' हे अव्यय घ्या. "त्यांना बावीस श्रुती येत" आणि "त्यांना म्हणे बावीस श्रुती येत" यांत एका शब्दाचे अंतर आहे. तेवढ्या शब्दाने बोलणारा जबाबदारीतून मोकळा होतो, ऐकणारा सावध होतो, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याचा अपमानही होत नाही. हिंदीत 'कहते हैं' म्हणावे तर ते लोकवार्तेकडे झुकते; 'सुना है' म्हणावे तर त्यात सांगणाऱ्याचा कान येतो, त्याची भुवई येत नाही. तीच गत 'बरे', 'असो', 'हो का' यांची. इंग्रजीत तर या ठिकाणी 'कथितपणे' अशा अर्थाचा एखादा वकिली शब्द घालावा लागतो, आणि मग वकील दिसतो पण हसणारा वकील दिसत नाही. बखल्यांच्या ग्रंथात उतरलेले भातखंडे मूळ मराठीपेक्षा थोडे अधिक करडे वाटतात, त्याला त्यांच्या निष्कर्षाइतकेच हे भाषांतरही कारण असावे. तपासणी करणाराने मूळ जबानी मूळ भाषेत वाचावी हा नियम गुरुजींनी शास्त्रीबोवांना लावला होता. तो खुद्द गुरुजींच्या चार भागांनाही लावावयास हरकत नाही.